हॉलमधला अटलांटिक

ज्या दिवशी नळ येणार असतो, त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी कुणाला ओळख देत नाही. एरवी ‘काय सर, जेवण झालं काय’ म्हणून थांबणारी माणसं त्या दिवशी बनियनवर, हातात पाइप धरून, दुसऱ्याच्या नळाकडे संशयाने बघत उभी असतात. टिल्लू पंप समोरच्याने लावला आहे याची प्रत्येकाला खात्री असते आणि आपण लावलेला नाही हे प्रत्येक जण मुलाबाळांची शपथ घेऊन सांगतो. २०१८चा उन्हाळा ज्यांनी यवतमाळात काढला, त्यांना निळोणा आणि चापडोह ही धरणांची नावं अजून दवाखान्यात ठेवलेल्या म्हाताऱ्या नातेवाइकांसारखी आठवतात: आज कसं आहे, किती उरलंय, डॉक्टर काय म्हणतात.

अशा गावात, होळी आटोपून उन्हं कडक व्हायला लागली असताना, मी घरात समुद्र बसवायला घेतला. साडेचारशे लिटरचा. आणि थंड.

थंड याचं खरं कारण आमचे नागपूरचे साडू. त्यांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तीत ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे ‘निमो’ आहेत. आम्ही गेलो की पाण्याचा पेला हातात यायच्या आधी टाकीतला दिवा लागतो. ‘साडूभाऊ, समुद्र आहे बरं हा, नळाचं पाणी नव्हे,’ असं ते दर वेळी सांगतात. माणसाला मनःशांती हवी असते हे खरं, पण ती साडूपेक्षा थोडी जास्त हवी असते. त्यांची टाकी उष्ण समुद्राची होती. तिच्यावर ताण करायची तर एकच वाट उरत होती.

ती वाट दाखवली भाच्याने. तो इंग्लंडमध्ये प्लिमथला असतो. तिथे १९९८ साली उघडलेलं नॅशनल मरीन अॅक्वेरियम आहे, आणि त्यात त्यांच्या घराशेजारच्याच समुद्रातले प्राणी ठेवलेले असतात. त्याने व्हिडिओ पाठवला. काळसर खडक, त्यावर लालबुंद गोळ्यांगत चिकटलेली समुद्रफुलं, तारामासे, दगडाच्या फटीतून बघणारा कुणीतरी तिरसट चेहऱ्याचा मासा. पाण्याचं तापमान बारा-चौदा अंश. मी तो व्हिडिओ चाळीस अंशांत पाहत होतो. ज्याला यवतमाळचा एप्रिल ठाऊक आहे, तो मला हसणार नाही.

‘मामा, इथे बरेच जण घरी ठेवतात,’ भाचा म्हणाला. ‘थंडीत गॅरेजमध्ये ठेवली तरी चालते. उन्हाळ्यात मात्र चिलर लागतो. इकडे फार उकडतं. कधीकधी पंचवीसवर जातं.’

मी फोन ठेवला.

मी हयातभर भूगोल शिकवला. त्यामुळे घरातल्यांचे प्राथमिक आक्षेप मी नकाशावरच निकालात काढले. यवतमाळपासून पश्चिमेला अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण साडेपाचशे किलोमीटर. पूर्वेला आंध्रच्या किनाऱ्याकडे बंगालचा उपसागर, तोही जवळपास तेवढाच. दोन्ही समुद्रांनी आपल्याला सारखंच लांब ठेवलं आहे, कुणी पक्षपात केलेला नाही. शिवाय हा काही नवा पाहुणा नव्हे. वणी, झरी, मुकुटबन या पट्ट्यात जो पैनगंगा गटाचा चुनखडक आहे, ज्याच्यावर आज सिमेंटचे कारखाने चालतात, तो मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. काही कोटी नव्हे, शंभर कोटी वर्षांच्या आसपासची गोष्ट. नंतर समुद्र गेला, पुष्कळ काळाने लाव्हा आला, त्याची काळी माती झाली आणि आपण तीत कापूस पेरला.

‘म्हणजे मी समुद्र आणत नाही आहे,’ मी म्हणालो. ‘परत बोलावतो आहे.’

‘गेला तो बरा गेला,’ आई म्हणाली. ‘आता आला तं झोपन कुठे?’

प्रश्न रास्त होता. हॉलमध्ये बाबांची जुनी बंगई होती. ती काढली.

टाकी चार फूट बाय दोन बाय दोन. तिच्या तळाखाली कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी काठावरून ओसंडून एका पाइपातून खाली यायचं, खाली गाळलं जायचं, तिथे एक फेस काढणारं यंत्र त्यातली घाण फेसाबरोबर वेगळी करायचं, मग चिलरमधून गार होऊन पंपाने पुन्हा वर. साधी रचना. यासाठी वरच्या टाकीच्या काचेला दोन भोकं लागतात.

काचवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘टफन घ्या सर. पोट्ट्याचा बॉल लागला तरी फुटत नाई.’ मला मजबूत वस्तू आवडतात. टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार आणि मशीन घेऊन आलेल्या त्याच्या पोरालाही. पण दोघांनीही एकमेकांच्या ज्ञानावर विश्वास ठेवला. हिऱ्याच्या दातांचं गोल पातं फिरायला लागलं, पोराने बाटलीतून पाण्याची धार धरली, आणि क्षणभराने आमच्या अंगणात खडीसाखरेचा ढीग होता. काचवाल्याचा शब्द खोटा नव्हता. ती फुटली नाही. सांडली.

दुसरी काच साधी, बारा मिलिमीटरची, आधी भोक पाडून मग जोडलेली. ती आली आणि प्लंबर आला.

प्लंबर माझा विद्यार्थी निघाला. नववीची सहल मी मुंबईला नेली होती, तेव्हा तोही होता. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं, वगैरे माहिती मी पोरांना प्रत्येक काचेसमोर उभं राहून देत होतो. तेव्हा मागून एकानेच प्रश्न विचारला होता, ‘सर, यातले खातेत कोन्ते?’ तो हाच. त्याने पिशवी खाली ठेवली, टाकीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं,

‘सर, पानी येते कुठून?’

‘कुठून येत नाही. आतच असतं.’

‘जाते कुठं?’

‘कुठे जात नाही. वरून खाली येतं, खालून वर जातं.’

‘मंग प्लंबर कायले पायजे?’ तो थोडा वेळ गप्प राहिला. ‘आन तुमीच सांगतलं व्हतं सर, का विदर्भाले समुद्र नाई. मी पेपरात तेच लिवलं तं तुमी अर्धा मार्क कापला.’

‘उत्तरात कारणं द्यायची होती,’ मी म्हणालो. तो एल्बो आणि टी मोजू लागला.

पोरगा हुशार होता, फक्त त्याचं सगळं शिक्षण गोड्या पाण्यावर झालं होतं. त्याने टँक निपल बसवले, सोल्युशन लावून पाइप जोडले, टेफ्लॉन टेप असा गुंडाळला की उद्या टाकी गेली तरी टेप राहावा. आणि मोठ्या अभिमानाने पंपाच्या वर एक जड, पिवळाधमक, पितळेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला.

‘पितळ चालत नाही,’ मी म्हणालो. ‘त्यात तांबं असतं. खाऱ्या पाण्यात ते झिजतं आणि तांबं पाण्यात उतरलं की समुद्रफुलं, तारामासे, झिंगे सगळे मरतात.’

‘तांब्याच्या भांड्यातलं पानी तं आरोग्याले चांगलं राहाते.’

‘आपल्या. त्यांच्या नाही.’

‘सर, पितळ काढून प्लास्टिक लावतो. पण गॅरंटी नाई देत मंग.’

प्लास्टिक लागलं. त्या रात्री साध्या पाण्यावर चाचणी घेतली. एक थेंब गळला नाही. गळण्याऐवजी टाकी बोलायला लागली. काठावरून पाइपात उतरणारं पाणी आपल्याबरोबर हवा ओढतं, पाइप भरतो, मग एकदम घशातून ओढून घेतल्यासारखा गडगडाट करून रिकामा होतो, पुन्हा भरतो. दर अर्ध्या मिनिटाला. हुबेहूब फ्लश. शेजारच्या वहिनी सकाळी हळू आवाजात माझ्या बायकोला विचारून गेल्या, ‘भाऊजींची तब्येत बरी आहे ना?’ दोन दिवसांनी त्यांनी वाटीभर ताक पाठवलं, जिरेपूड घालून. पुढे मी त्या पाइपाच्या डोक्यावरच्या टोपीला खिळा तापवून बारीक भोक पाडलं. हवेला वेगळी वाट मिळाली आणि आवाज बंद झाला. त्यावर वहिनींनी विचारलं, ‘ताकाने उतार पडला का?’

मग पाणी.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असतं. साडेचारशे लिटरला जवळपास सोळा किलो. आईने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून खडेमिठाचं पोतं मागवायची तयारी केली. मला सांगावं लागलं की हे साधं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं आणि ते बादलीत बंद होऊन येतं. बादलीची किंमत ऐकून आईने दोन्ही हात जोडले. ‘ज्याचं खाल्लं त्याले जागावं म्हनतेत. एवढ्या मोलाच्या मिठाले किती जागाव लागन!’

आणि हे मीठ नळाच्या पाण्यात घालायचं नाही. बोअरच्या तर नाहीच. आमच्या जिल्ह्यातल्या काही भागांतलं बोअरचं पाणी फ्लोराइडने दात पिवळे करतं. ज्या माशाला दात दाखवून हसायचंय त्याने ते प्यावं. आरओचं पाणी हवं. घरचं आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर नळीतून बाहेर टाकतं. म्हणजे साडेचारशे लिटर समुद्रासाठी हजारभर लिटर मोरीत. ही बातमी गल्लीत पोहोचली तेव्हा नळाला यायला बराच अवकाश होता. आमच्या फाटकासमोर लोक उभे राहिले. मी बाहेर आलो.

‘सर, तुमच्या घरी समुद्र आहे म्हणतात.’

‘होतो आहे.’

‘मग नळ आम्हाला राहू द्या.’

तडजोड अशी झाली की आरओने टाकलेलं पाणी ड्रममध्ये साठवायचं आणि ते गल्लीने न्यायचं. भांडी, धुणं, सडा. कित्येक दिवस आमचं यंत्र रात्रंदिवस ठिबकत होतं आणि सकाळी फाटकाशी गुंडांची रांग लागत होती. समुद्राने गावाला पाणी पाजलं, असं मी म्हणत असे. हिने एकदाच विचारलं, ‘आणि ते समुद्रात पाणी कुणी घातलं?’

इतिहासाचा आधार घ्यावा म्हणून मी हिला अॅना थिन या बाईंची गोष्ट सांगितली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या एका मोठ्या धर्माधिकाऱ्याची बायको. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून तिने जिवंत प्रवाळ घरी आणून भांड्यात ठेवलं. पंप नव्हते. पाण्यात हवा मिसळली पाहिजे म्हणून तिची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर बसून या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतायची. घरातल्या समुद्राचा इतिहास तिथपासून धरतात. पुढे १८५४ साली फिलिप गॉसचं पुस्तक आलं, त्याने घरी समुद्राचं पाणी बनवायची पाककृतीसुद्धा छापली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची क्लोराइडं. साऱ्या इंग्लंडला टाकीचं वेड लागलं. लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी इतकी उपसली की गॉसच्याच मुलाने पुढे १९०७च्या आपल्या पुस्तकात त्याची हळहळ नोंदवली.

हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘त्या मोलकरणीचं नाव काय होतं?’

नाव मला ठाऊक नव्हतं.

‘वाटलंच,’ ही म्हणाली, आणि पंप कितीही रुपयांचा असला तरी आणा, असं निक्षून सांगितलं.

आता गारवा. फ्रिज दुरुस्त करणारा आमच्या ओळखीचा. त्याच्याकडे एका कार्यालयातून निघालेला वॉटर कूलर पडून होता. ‘याचा कॉइल तुमच्या टाकीत सोडतो सर, बर्फ करून देतो,’ म्हणाला. कॉइल तांब्याची. मी पुन्हा तांब्याचं प्रवचन दिलं आणि सांगितलं की समुद्राच्या चिलरमध्ये टायटॅनियमची नळी असते.

‘टायटॅनियम? ते तं रॉकेटात राहाते.’ त्याने वॉटर कूलरवरून मायेने हात फिरवला. ‘तुमी मासे पाळून रायले का चांद्यावर पाठवून रायले?’ आमच्याकडे चांदा म्हणजे चंद्रपूर, त्यामुळे त्याचा टोमणा नेमका किती लांबचा होता ते कळलं नाही.

टायटॅनियमवाला चिलर आला. त्याच्या आगमनाने आमच्या घरातल्या उष्णतेचा कारभार उघड झाला. चिलर गारवा तयार करत नाही. तो पाण्यातली उष्णता उचलतो आणि वर स्वतःच्या मेहनतीची घालून मागच्या जाळीतून हॉलमध्ये फेकतो. टाकीत चौदा अंश, हॉलमध्ये भट्टी. बाहेर पारा पंचेचाळीसकडे निघालेला. माझे आईवडील, बायको, मी, सगळे घामाने निथळत एका खडकाला गार होताना पाहत बसायचो. वडील तासभर पाहून म्हणाले, ‘अरे, त्याले गार लागत असन. एखादी चादर टाक.’

उपाय म्हणून कूलर लावला. विदर्भात कूलर हा फर्निचरचा भाग नाही, घरातला माणूस आहे. ताजा वाळा, भरलेली टाकी, पहिली ओली झुळूक. आणि अर्ध्या तासात समुद्राला दरदरून घाम फुटला. मे महिन्यातली आमची कोरडी हवा काचेला काही करत नव्हती. कूलरने तिच्यात ओल भरली आणि ती सगळी ओल चौदा अंशांच्या काचेवर येऊन बसली. काचेवरून ओघळ, ओघळातून लाकडी कपाटावर, कपाटातून फरशीवर. आतला देखावा दिसेना. काचेच्या चारी बाजूंनी मी पंचा घेऊन फिरत होतो. थंड पाण्याच्या टाक्यांना दुहेरी काच किंवा जाड अॅक्रिलिक का लावतात, ते भाच्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्रश्न विचारल्यावर सांगितलं, हे विशेष.

कूलर बंद केला तर माणसं वाफारत. चालू ठेवला तर समुद्र गळे. शेवटी चिलर गच्चीवर न्यायचं ठरलं. भिंतीला भोक, एसीला लावतात तशा काळ्या फोममध्ये गुंडाळलेल्या दोन नळ्या, वर पत्र्याच्या सावलीत चिलर. दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या झळांत चिलर अर्धा तास घुरघुरला आणि आपोआप बंद पडला. त्यालाही ऊन लागलं. फ्रिजवाला वर जाऊन आला, म्हणाला, ‘सर, याले गार हवा पायजे.’

म्हणून चिलरला कूलर लावला. आता माणसांना घाम, समुद्राला चिलर, चिलरला कूलर, कूलरला पाणी, आणि पाण्याला टँकर. आमच्या गल्लीतून टँकर गेला की लोक विचारत, ‘कोणाकडे लग्न आहे?’ ‘सरांच्या समुद्राला लागतं,’ असं उत्तर मिळे.

आणि मग एका रात्री वीज गेली.

वीज जाणं यवतमाळला नवीन नाही. पण समुद्राला होतं. पंप थांबला, की वर पाणी चढवणारा पाइप उलटा वाहू लागतो. त्याचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेलं असेल, तर ते हवा मिळेपर्यंत पाणी खाली ओढत राहतं. पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक पाडलं असतं तर तिथून हवा शिरून ओढ तुटली असती. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह होता, प्लास्टिकचा, आणि त्याच्या झडपेत शंखाचा एक कण नेमका अडकून बसला होता. अंधारात आम्ही अंगणात खाटा टाकून गप्पा मारत होतो. आतून आईचा आवाज आला, ‘अरे, पाय ओले होऊन रायले.’ मग ती थांबली. ‘खारट आहे.’

तिने चव का घेतली, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. हॉलभर पाणी होतं, दिवाणाखाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे तरंगत होते आणि भिंतीवर, ज्याच्यापुढे मी इतकी वर्षं छडी घेऊन उभा राहिलो, त्या जगाच्या नकाशाचा खालचा भाग, अंटार्क्टिकासकट, ओला झाला होता.

प्लंबर सकाळी आला. ‘पितळेचा असता तं,’ एवढंच म्हणाला.

त्या संकटात गल्लीने मला दगा दिला नाही, हे सांगितलं पाहिजे. इन्व्हर्टरवर पंप चालतो, चिलर चालत नाही. तेव्हा वीज लांबली की घरोघरच्या फ्रीजरमधून बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या यायच्या आणि खालच्या टाकीत सोडल्या जायच्या. पोट्टे बाटल्या घेऊन पळत, वर थर्मामीटर वाचून ओरडत, ‘सोळा! साडेपंधरा!’ टिल्लू पंपावरून जे एकमेकांची तोंडं पाहत नव्हते, ते आमच्या कपाटाशी गुडघे टेकून बाटल्यांची अदलाबदल करत होते. बाटल्यांबरोबर पुढे कुणीतरी आपली पन्ह्याची बाटलीही सोडून दिली. मग ताकाची. मग एका घरचा वाढदिवसाचा केक डब्यात बंद करून. फेस काढणाऱ्या यंत्राच्या शेजारी दोन कलिंगडं तरंगताना मी स्वतः पाहिली आहेत.

एवढं सगळं झालं तरी टाकीत लगेच मासा सोडता येत नाही. आधी पाणी पिकावं लागतं. काहीतरी सडलं की त्यातून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू वाढायला काही आठवडे जातात आणि थंड पाण्यात त्यांना आणखीच आळस येतो. सुरुवात करून द्यायला एक कच्ची कोळंबी टाकीत टाकतात आणि सडू देतात.

आमच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. या घरात आजवर मासा शिरलेला नाही. मी बाजारातून बर्फातली एक कोळंबी, एकच, खिशात घालून आणली. कोळणीने विचारलं, ‘एकच?’ मी म्हणालो, ‘पाहुणे नाहीत.’ रात्री सगळे झोपल्यावर ती टाकीत सोडली. चौथ्या दिवशी गल्लीतली सगळी मांजरं आमच्या ओट्यावर बसली होती. आईने नाकाला पदर लावून विचारलं, ‘कोन मेलं?’ मी जिवाणूंचं कार्य समजावून सांगितलं. ‘म्हनजे,’ ती म्हणाली, ‘ज्याले जगवायचं तो अजून आला नाई, आन त्याच्यासाठी एक मेला बी.’ एवढं म्हणून ती गच्चीवर झोपायला गेली, चिलरच्या कूलरसमोर. घरातली खरी गार जागा तीच होती, हे तिने आमच्या आधी हेरलं.

पाणी पिकलं. चाचणीच्या बाटलीतला रंग जसा हवा तसा आला. मी दुकानांना फोन लावायला सुरुवात केली. नागपूर, मग मुंबई.

‘थंड पाण्यातला समुद्री मासा हवा.’

‘सर, निमो आहे, ब्लू टँग आहे.’

‘ते उष्ण समुद्रातले. मला चौदा अंशांतला हवा.’

पलीकडे बराच वेळ शांतता. ‘सर, आपल्याकडे समुद्रच कोमट आहे.’

हे भूगोलाच्या शिक्षकाला एका मासेवाल्याने सांगितलं. कोकणपट्टीवर समुद्राचं पाणी वर्षभर पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास. त्यातला प्राणी माझ्या टाकीत टाकला असता तर त्याला स्वेटर लागला असता. प्रवाळ तर ठेवायचा प्रश्नच नव्हता, २००१पासून आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या शेजारी. टिपेश्वरचा वाघ पाळणं आणि हॉलमध्ये प्रवाळ ठेवणं, कायद्याला सारखंच. भाच्याला विचारलं, येताना एखादं समुद्रफूल आणशील का. तो म्हणाला, ‘मामा, विमानतळावर ते मला ठेवून घेतील. पाण्याशिवाय.’

म्हणून टाकी आहे तशी आहे. स्वच्छ, थंडगार पाणी, काळे खडक, आणि काही आठवड्यांनी काचेवर आपणहून आलेला एक तपकिरी थर. तो डायटमचा, सूक्ष्म शैवालाचा. पंच्याने पुसला जातो, दोन दिवसांनी पुन्हा येतो. आमच्या समुद्रातला तो एकमेव रहिवासी, आणि त्याचं आम्हाला कौतुक आहे.

लोक मात्र पाहायला येतच राहिले. यवतमाळचा माणूस काही पाहायला आला, म्हणजे पाहूनच जातो. पहिल्या दिवशी आलेल्या गृहस्थांनी काचेला नाक लावलं आणि म्हणाले, ‘तो पाहा, दगडामागे.’ मी काही बोललो नाही. दुसरे म्हणाले, ‘दोन आहेत. मादी आत बसली आहे.’ एका निवृत्त तलाठ्यांनी तर लांबी सांगितली, साधारण वीत. शाळेतली पोरं आली, त्यांनी एकमेकांच्या अंगावर पडून पाहिलं, आणि त्यातलं एक लहानगं ‘मासा कुठाय?’ म्हणायला लागताच त्याच्या आईने त्याला चिमटा काढून गप्प केलं. हिलाही परवा विचारलं, खरं सांग, काही हललं का आत. ‘सकाळी हललं,’ म्हणाली. मला तिचं बोलणं कधीच नीट वाचता आलेलं नाही.

साडू आले, तेव्हा मीही दिवा आधी लावून ठेवला होता. ते वाकून, गुडघ्यावर बसून, मोबाइलची बॅटरी मारून बघत राहिले.

‘मासे?’

‘उत्तर अटलांटिक,’ मी म्हणालो. ‘फार बुजरे असतात. तुमच्या निमोसारखे दारात येऊन बसत नाहीत.’

जेवताना ते गप्प होते. जाताना त्यांनी चिलरची किंमत विचारली. मी सांगितली. त्यांनी वहीत लिहून घेतली.

आता प्लंबरची वेळ चांगली आहे. आमच्याकडचं काम पाहून गेलेल्यांपैकी काही जणांनी त्याला गाठलं आहे म्हणे. तो काल पिशवी न घेताच आला, म्हणजे काम नव्हतं, सल्ला हवा होता. आईने त्याला खालच्या टाकीतलं गार पन्हं दिलं. ते त्याने एका दमात संपवलं.

‘सर, दारव्हा रोडच्या एका डॉक्टरले समुद्र बसवून पायजे. पैशाची कटकट नाई म्हनते. पन तो इचारून रायला, अरबी टाकू का बंगालचा?’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘म्या सांगतलं, सरांनी शिकवलं व्हतं, दोनी सारखेच दूर हायेत.’ त्याने पेला खाली ठेवला. ‘मंग भाव बी सारखाच लावू ना? का बंगालचा जरा महाग ठेवू?’